नवं इंजिन, जुना आस

गफूर मिस्त्रींच्या गॅरेजमागं तुटक्या लोखंडाचा ढीग असायचा. भंगारवाला वर्षातून एकदा यायचा अन् तो उचलून न्यायचा. किस्से मात्र तिथंच पडून राहिले, अन् वाढत गेले. आता चौघं जमलो की कोणीतरी म्हणतंच, "बाबा, त्या ट्रकचं सांगा ना!" सांगतो. पण सावकाश सांगतो. घाई असेल त्यानं पुढं व्हावं.

*

तो ट्रक रिठदच्या किसनराव पाटलांचा. इंग्रज जाऊन पाच-सहा वर्षं झाली असतील. मिलिटरीनं मोडीत काढलेली गाडी, पेट्रोलवर चालणारी. मी तिच्यावर ड्रायव्हर. पेट्रोल इतकं प्यायची की पाटील म्हणायचे, "याच्यापेक्षा म्हैस बरी, दूध तरी देते!"

शेवटी पाटलांनी एका मोठ्या ट्रकचं डिझेल इंजिन आणून मालेगावला मिस्त्रींच्या अंगणात टाकलं. मिस्त्रींनी ते बसवून सुरू केलं, तेव्हा समोरच्या हॉटेलातल्या कपबशा थरथरल्या. पाटील खूष!

अकोल्याहून सरकीची ढेप भरून परत निघालो. पातूरच्या घाटात, अर्ध्या चढावर, मागून 'कटाक्' झालं. इंजिन गर्जून राहिलं, पण चाकं फिरेनात. गाडी मागं घसरायला लागली. मी ब्रेकवर उभा राहिलो, तरी थांबेना!

वाचवलं ते पाटलांनी. चढ आला की ते स्वतः धोतर खोचून गाडीमागं चालायचे, हातात बाभळीचा गुटका. गुटका म्हणजे चाकामागं सारायचा तिरपा ठोकळा. तो त्यांनी वेळेवर सारला अन् गाडी थांबली.

निरोप धाडल्यावर मिस्त्री आले, गाडीखाली शिरले, बाहेर निघाले. मागचा एक्सल, म्हणजे चाक फिरवणारा दांडा, तुटला होता.

"पाटील, बैल नवे जोतले, आस जुनाच ठेवला. दुसरं काय होईन?"

*

मिस्त्रींनी तसलाच दुसरा एक्सल मिळवून घातला. या खेपेला मिठाची पोती होती. तो एक्सलही त्याच घाटात तुटला!

पहिला तुटका एक्सल मिस्त्रींनी गॅरेजच्या निंबाला टांगला होता. चहा पाहिजे असला की पान्यानं त्यावर ठोकायचे, हॉटेलवाला समजून जायचा. दुसरा रिठदच्या शाळेनं घंटा म्हणून नेला. आवाज खणखणीत!

बाजाराच्या दिवशी पाटील चारचौघांत मिस्त्रींना म्हणाले, "चाचा, हॉटेलाले घंटा झाली, शाळेले झाली. मारोतीचं देऊळ तेवढं राह्यलं. तिसरा कधी तोडता?"

सगळे हसले. मिस्त्री हसले नाहीत.

"आता तुटला, तं पुन्हा ह्या हातात पाना धरनार नाही."

हसणं तिथंच थांबलं. मिस्त्री बोललेलं फिरवत नसत, हे बाजारात सगळ्यांना ठाऊक होतं.

*

मी म्हटलं, "चाचा, नुसता जाड एक्सल टाका ना."

त्यांनी मला तुटक्या एक्सलचं टोक दाखवलं. त्याचे दाते जिलबीसारखे पिळून गेले होते.

"एक्सल जाड केला, तं जोर त्याले फिरवनाऱ्या क्राऊनच्या चाकावर जाईन, त्याचे दात पडतीन. क्राऊन मोठा आनला, तं तो आसाच्या ह्या घरात मावनार नाही. कोनाकोनाले बदलशीन, महादू? घरच बदलू."

मग आम्ही अकोल्याच्या भंगारबाजारात गेलो. मिस्त्रींना एका भारी ट्रकचा, घर-क्राऊन सगळ्यासकट, आख्खा मागचा आस सापडला. डोळे मिटून, क्राऊनच्या एकेका दातावरून बोट फिरवत ते बसून राहिले. दुकानदार कंटाळला.

"चाचा, आस पाहून राह्यले का सून?"

"सून भांडली तं घरात भांडते, बाप्पा," मिस्त्री म्हणाले, "हा घाटात भांडन!"

*

नवा आस बसवला, त्याचे जाड एक्सल बसवले, स्प्रिंगच्या पाट्यांच्या बैठकी नव्यानं जोडल्या. इंजिनाकडून येणारा शाफ्ट नीट सरळ लागावा म्हणून मिस्त्रींनी आस उलटा फिरवून बसवला होता. हार-नारळ झालं. पाटील पुढं उभे, माणसं दोन्ही बाजूंना. मी पहिला गियर टाकून क्लच सोडला.

गाडी निघाली मागं! सरळ कडब्याच्या गंजीत!

दुसरा टाकला, अजून मागं. मग रिव्हर्स टाकला, तर गाडी शहाण्यासारखी पुढं आली. आस उलटा बसला, म्हणून चाकंही उलटी फिरत होती.

मला वाटलं, मिस्त्री आता कोणावर तरी ओरडणार. ते मटकन खाली बसले अन् डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

"महादू, रिव्हर्सचे चार गियर असलेली गाडी साऱ्या मुलखात आपलीच!"

सगळा आस पुन्हा उतरवला, सुलटा केला, बैठकी तोडून पुन्हा जोडल्या. अन् मिस्त्रींनी येईल त्याला स्वतःच्या तोंडानं सांगितलं, "पह्यल्यांदा म्या उलटा बसवला होता." असा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

*

मग आला घाट. अकोल्याहून ठासून मीठ भरलेलं. मिस्त्री सोबत होते. चढाच्या पायथ्याशी गाडी थांबवली, पाटील धोतर खोचायला लागले.

"पाटील, आज तुमी समोर बसा," मिस्त्री म्हणाले. "मागं मी चालतो."

"चाचा, वय पाहा तुमचं!"

"बसा म्हनलं ना."

मिस्त्री दारापाशी घुटमळले, सीटखाली काहीतरी हलवलं, अन् मागं गेले. मी गाडी काढली. जिथं दोनदा तुटला होता तिथं पहिला गियर टाकला. इंजिन घुमलं. पाटलांनी दोन्ही हातांनी समोरची फळी धरली होती. आरशात मिस्त्री दिसत होते, चाकाच्या अगदी मागं, वावरातून घरी निघाल्यासारखे चालत.

काही तुटलं नाही. गाडी माथ्यावर आली.

मी उतरलो. मिस्त्री घाम पुसत हळूहळू वर आले. त्यांना पाणी द्यावं म्हणून पाटलांनी सीटखाली हात घातला. मटक्याच्या आधी हाताला लागला गुटका!

पाटलांनी तो बाहेर ओढला.

"चाचा! हा तं इथंच राह्यला! गाडी घसरली असती तं?"

"म्याच ठेवला तिथं," मिस्त्री म्हणाले. "पानी द्या."