मागचे स्पीकर

पाच स्पीकरांना आवाज वाटून देणारा डिकोडर घेताना मी दुकानदाराला घाम फोडला होता. तो रिमोटचं मॉडेल पुढे सरकवत होता. मी बिनरिमोटचं मागितलं आणि फिटिंगही भावातून कापायला लावली. "शेठ, वायरी चुकल्या तर माझ्याकडे यायचं नाही," तो म्हणाला. लासलगावच्या कांद्याच्या लिलावात उभं राहून मी शून्यातून वर आलो होतो. मला हा वायरी शिकवणार! खोकं खांद्यावर घेऊन निघालो.

सेट आबांसाठी होता. आमचे वडील विंचूरकडच्या मळ्यात राहायचे. मळा थोरल्या भावाने स्वतःकडे ठेवला आणि आबांना, त्या वयात, कांदा साठवायच्या चाळीवर राखणीला बसवलं. चाळीला लागूनच ऊस. त्या उसातून बिबट्या आला आणि आबांच्या खाटेखालचं कुत्रं घेऊन गेला. तेव्हापासून त्यांच्या छातीत दुखू लागलं, म्हणून मी त्यांना नाशिकला फ्लॅटवर आणलं. डॉक्टर म्हणाले, यांना धक्का बसेल असं काही होऊ देऊ नका. थोरला फोनवर म्हणाला, "महिन्याभरात परत आणून सोडशील. त्या खुराड्यात म्हातारा मरंल." ते वाक्य मला अजून टोचतं. आबांनी इथेच रमावं, घरबसल्या भजनं ऐकावीत, एवढंच मला हवं होतं.

दुपारी मीच जोडणी केली. टीव्हीजवळ तीन स्पीकर, आबा बसले होते त्या खाटेमागे दोन. डिकोडरला चाचणीचं बटण होतं. ते दाबलं की खरखर एकेका स्पीकरमधून फिरायची. कोणता मुका आहे ते कळायचं. पुढचे तिन्ही वाजले, मागचे गप्प. मागच्या आवाजाची खुंटी मी शेवटपर्यंत पिरगाळली. तरी काही नाही. बटण चालूच ठेवून खाटेमागे गेलो. वायर ढिली होती. ती क्लिपमध्ये दाबली.

उसाच्या वाळल्या पाचटातून काहीतरी जड सरकावं, तसा आवाज आबांच्या पाठीशी फुटला.

आबांनी माझं मनगट धरलं. मान वळवली नाही. "हलू नको," ते कुजबुजले. "जनावर हाय." मळ्यात बिबट्याचं नाव कोणी घेत नाही.

"आबा, मशीन आहे ते."

"गप. फिरतंय."

फिरतच होतं. डावीकडून उजवीकडे गेलं आणि पुन्हा मागे आलं. आबांची नजर त्याच्याबरोबर सरकत होती, ओठ पांढरे पडले होते, बोटं गार. डिकोडर खोलीच्या दुसऱ्या टोकाला, आणि रिमोट मी भावात घालवलेला. हात हिसडून धावावं, तर जनावरापुढे धावायचं नसतं हे मला त्यांनीच लहानपणी शिकवलं होतं. मी पळताना दिसलो असतो, तर त्या क्षणीच त्यांची छाती बंद पडली असती. थोरल्याला काय तोंड दाखवू?

मग मळ्यात करतात तेच केलं. ओरडलो. "हाऽऽड! हाऽऽड!" आबांनीही फाटका आवाज लावला. स्वयंपाकघरातून बायको परातीसकट धावत आली.

"अहो, वेड लागलं का?"

"परात वाजव! वाजवत जा आणि तो प्लग उपट!"

तिने लाटण्याने परात बडवत भिंतीतला प्लग ओढला. खोली एकदम मुकी झाली.

"गेलं?" आबांनी विचारलं.

"गेलं."

आबांना लगेच दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तपासून घरी पाठवलं. रिक्षात आबा इतकंच म्हणाले, "थोरल्याला सांगू नको. न्यायला येईल तो." इतके दिवस मला वाटत होतं, यांचा जीव मळ्यात अडकलाय.

दुसऱ्याच दिवशी मागचे स्पीकर काढून टीव्हीशेजारी ठेवले आणि खाट भिंतीला टेकवली. दुकानदाराला कळलं तेव्हा तो हसला, "मग साधा टेपच घ्यायचा ना, शेठ!" मी त्याला तिथेच चार शब्द सुनावले. पाठीमागून येणारा आवाज त्याला विकायचा होता, ऐकायचा नव्हता.

पुढे भजन लावायच्या आधी आबा दर वेळी हात मागे नेऊन भिंत चाचपायचे. मग म्हणायचे, "हां, लाव."