मेटलचा फेस्टिवल आणि देवरावभाऊंचं फावडं

शनिवारची दुपार. इंग्लंडमधलं एक मोठं गवताळ मैदान, आणि त्यात हजारो लांब केसवाले, काळी जॅकेटं घातलेले लोक. त्यांच्या मधोमध एका तंबूत मी आणि आमचे फोरमन देवरावभाऊ चिवडा खात बसलो होतो... स्टेजवरचा गायक असा काही ओरडत होता की भाऊ दोनदा उठून बाहेर डोकावले. त्याला कुठे लागलं तर नाही ना, म्हणून.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी चोवीस वर्षांचा, नागपूरच्या धरमपेठेतला, हिंगण्याच्या एका कारखान्यात नवा इंजिनियर. कंपनीने नवं मशीन घेतलं आणि ते शिकायला आम्हा दोघांना दीड महिन्यासाठी तिकडे पाठवलं.

देवरावभाऊ पन्नाशीचे, कळमेश्वरकडचे, घरची शेती. मशीन त्यांना माझ्यापेक्षा दसपट कळायचं, इंग्रजी मात्र अजिबात नाही. निघताना साहेबांनी मला बजावलं होतं, "भाऊंना एकटं सोडायचं नाही आणि भलतीकडे उंडारायचं नाही. तक्रार आली तर पुढच्या विमानाने परत."

आणि मला तर हेवी मेटलचं वेड! मावसभावाने परदेशातून आणलेल्या तीन कॅसेटी मी इतक्या वाजवल्या होत्या की एकीची टेप तुटली, तर ताईच्या नेलपॉलिशने चिकटवून पुन्हा वाजवली.

तिथल्या कारखान्यातला कीथ म्हणाला, तीन दिवसांचा फेस्टिवल आहे, व्हॅनमध्ये जागा आहे. आणि माझा तो कॅसेटवाला बँड रविवारी दुपारी वाजवणार आहे... मी वेडा व्हायचा बाकी राहिलो होतो.

अडचण एकच. भाऊंचं काय करायचं?

मी त्यांना सांगितलं, जत्रा आहे.

"कोन्त्या देवाची?"

"देवाची नाही भाऊ, गाण्याची."

"मंग चाल ना गा. इथं खोलीत बसून तरी काय करून राहिलो आपण?"

तर असे आम्ही तिथे पोचलो. भाऊंचा वेष म्हणजे मंकी कॅप, हाफ स्वेटर आणि पायात कंपनीचे सेफ्टी बूट. मला इतकी लाज वाटायची की मी चार पावलं पुढे चालायचो, ओळख नसल्यासारखा... हे आज लिहितानाही बरं वाटत नाही.

रविवारी जेवणं झाली आणि पाऊस कोसळला. मैदान उताराचं. वरचं सगळं पाणी खाली तंबूंमध्ये घुसलं. कीथचा एक बूट आमच्यासमोरून तरंगत गेला. दंडावर कवट्या गोंदवलेली धिप्पाड माणसं उशा पोटाशी धरून हताश उभी होती, काही जण मगाने पाणी उपसत होते.

भाऊंनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. "हे लोक पानी काहून उपसून राहिले गा? ते येते कुठून, ते पाहा ना आधी!"

बाजूला उभ्या ट्रॅक्टरवाल्याकडून त्यांनी खुणेनेच दोन फावडी मागून आणली आणि आमच्या तंबूच्या वरच्या अंगाला नाली खोदायला घेतली. दहा मिनिटांत आमच्याकडे येणारं पाणी बाजूने निघून गेलं.

शेजारचे बघतच राहिले. मग एकेक जण आला... कमरेपर्यंत दाढीवाला एक राक्षस तर शाळेतल्या मुलासारखा भाऊंसमोर उभा राहिला. मी भाषांतर करायला पुढे झालो, पण गरजच नव्हती. "इकडे नाही बे, तिकडे! तिकडे!" भाऊ वऱ्हाडीत ओरडायचे आणि तो "येस सर" म्हणून तिकडे खोदायचा.

"अन् तू काय पाहून राहिला? धर," म्हणून दुसरं फावडं माझ्या हातात आलं.

नेमकं तेव्हाच स्टेजवर गिटार वाजली. माझं गाणं! माझा बँड!

मी फावडं टाकून पळणारच होतो... पण पुढच्या तंबूत पायाला प्लास्टर घातलेली एक मुलगी उलट्या बादलीवर बसली होती आणि पाणी तिच्याकडेच निघालं होतं. शिव्या घालत मी खोदत राहिलो.

मान वर केली तेव्हा दाढीवाल्याने भाऊंना चक्क खांद्यावर घेतलं होतं. त्यांचे आभार मानायची त्याची ही पद्धत. गर्दीच्या डोक्यांवरून मंकी कॅप डुलत डुलत स्टेजच्या अगदी पुढे गेली... आणि मी इकडे गुडघाभर चिखलात!

तासाभराने भाऊ परत आले. मी रडकुंडीला येऊन विचारलं, "कसं होतं?"

"आवाज गजब हाये बावा. पयले मी कानात बोटं घातली होती." त्यांनी मंकी कॅप काढून पिळली. "मंग काढली. वाजवनारे पोट्टे घामानं निथळून राहिले होते गा. ते एवढे राबून राहिले, अन् आपन कान बंद करून बसाचं?"

त्यांनी बँड माझ्यापेक्षा नीट ऐकला होता.

नागपूरला परतल्यावर साहेबांनी दोघांना केबिनमध्ये बोलावलं. "सुटीच्या दिवशी काय केलं तिकडे?" मी भाऊंकडे बघितलं.

भाऊ शांतपणे म्हणाले, "एका ठिकानी लोकायच्या तंबूत पानी घुसलं होतं साहेब. ह्या मिलिंदनं भल्ली मदत केली. सोताचं काम सोडून नाली खोदली त्यानं."

साहेबांनी माझी पाठ थोपटली. भाऊंनी एक शब्द खोटा सांगितला नव्हता, आणि स्वतःचं नावही घेतलं नव्हतं.

तो बँड मला पुढे कधीच प्रत्यक्ष बघता आला नाही. भाऊही जाऊन आता बरीच वर्षं झाली. केबिनबाहेर आल्यावर मी त्यांना थँक यू म्हणायला हवं होतं, पण चोविसाव्या वर्षी ते सुचलं नाही... म्हणून आज इथे, सगळ्यांसमोर म्हणतो. थँक यू, भाऊ.