उलटा ठेवलेला दगड

सोमवारी इन्साफचं पार्लर बंद असायचं, आणि वसंतातल्या सोमवारी इन्साफ डोंगरावर पालथी पडलेली असायची. पन्नाशीची धिप्पाड बाई, केसांना ताजा रंग, गळ्यात लोंबणारा चष्मा, आणि नाक वीतभर उंचीच्या रानऑर्किडला टेकलेलं. या छंदाच्या पहिल्या वर्षी एका मेंढपाळाने तिला तशी पाहून गावभर बोंब ठोकली होती, "धावा रे, पार्लरवाली गेली!" पडल्यापडल्याच ती ओरडली होती, "गेले नाही रे मेल्या, फोटो काढतेय!"

तेव्हापासून दक्षिण लेबनॉनच्या त्या गावात तिची नक्कल करणं हा पोरासोरांचा खेळच झाला होता.

गावावरच्या उतारात युद्धातले न फुटलेले बाँब अजून पडून होते. सैन्याने त्यातून एक पायवाट साफ करून दोन्ही कडांना रंगवलेले दगड मांडले होते. दगडाचं पांढरं अंग पायवाटेकडे, लाल अंग बाँबांकडे. गावातलं पोर धड बोलायला लागायच्या आधी शिकतं ते हे: पांढरं दिसतंय तोवर तू बरोबर आहेस. लाल दिसलं, तर तू बाँबांत उभा आहेस. हळूच दगड ओलांड आणि पांढऱ्या बाजूला ये.

त्या सोमवारी वळणावर, दगडाला खेटून, तिला हवं ते फूल सापडलं. मधमाशी बसल्यासारखं दिसणारं, मधल्या पाकळीवर निळसर आरसा. वारा होता, हात हलत होता. तिने कडेचा दगड ओढला, मोबाईल त्याला टेकवला आणि मनासारखा फोटो मिळवला. मग दगड जागेवर ठेवला, उठून फुलांच्या ताटव्याचा लांबून एक फोटो घेतला, आणि गुणगुणत घरी आली.

स्वयंपाकघरात भावजय नहला कॉफी उकळत होती. इन्साफने मोबाईल तिच्या नाकासमोर धरला.

"बघ, बघ. राणी आहे राणी!"

"माशी आहे," नहला म्हणाली. "वन्सं, माशीचे फोटो काढायला तुम्हाला डोंगर लागतो? माझ्या ओट्यावर या." मग तिने बोट सरकवून पुढचा फोटो उघडला आणि तिचा आवाज चिरका झाला. "या अली! हा दगड लाल दिसतोय! तुम्ही बाँबांत उभ्या होतात?"

"वेडी का तू? मी पायवाटेवर..."

आणि इन्साफचं तोंड उघडंच राहिलं. ती पायवाटेवरच होती. दगडच उलटा ठेवला गेला होता. वळणावर गवत माजलेलं, दुसरा दगड दिसतच नाही. आता येणारा माणूस लाल पाहील, दचकेल, आणि लहानपणापासून शिकवल्याप्रमाणे दगड ओलांडून पांढऱ्या बाजूला जाईल. थेट बाँबांत.

"वन्सं," नहला हळू म्हणाली, "बदीआ आत्या मघाशीच पिशवी घेऊन वर गेल्या. अक्कूबाची भाजी काढायला."

"सैन्याला फोन कर!" एवढंच म्हणून इन्साफ निघाली. चढावर तिचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता. हाका माराव्यात तर म्हातारी दचकून पाऊल टाकायची. न माराव्यात तर... कान टवकारून ती पळत होती. एक आवाज ऐकू येऊ नये, एवढंच तिला हवं होतं.

वळणावर बदीआ आत्या दिसली. दगडाच्या पलीकडे, चांगली आत, उकिडवी बसून सुरीने काटेरी अक्कूब कापत होती.

"आलीस का फोटोवाली?" मान वर न करता ती म्हणाली. "बघ केवढा आहे इथे! गाव आंधळं आहे मेलं. आणि सांभाळ, तू लाल बाजूला उभी आहेस. ये इकडे."

"आत्या." इन्साफने आवाज केस कापताना असतो तसा ठेवला. "हलू नकोस. दगड उलटा आहे."

सुरी थांबली.

"कोणी केला उलटा?"

"मी."

म्हातारीने सुरी हळूच मांडीवर ठेवली.

"उठू का?"

"नको. बस तशीच. माणसं येतायत."

इन्साफने मोबाईल वर धरला आणि चित्र मोठं केलं. गवतातलं एवढंसं काही हुडकायची तिच्या डोळ्यांना सवयच होती. तिने आत्याच्या पायांभोवतीचं गवत पातं पातं पाहिलं. डाव्या टाचेमागे, वीतभरावर, मळकी पांढरी फीत होती. फितीखाली गंजलेला, डब्यासारखा बाँब.

तिने मोबाईल हळूच खाली घेतला.

"काय दिसतंय?" आत्याने विचारलं.

"फुलं."

"खोटारडी. लहानपणीही तुझे कान असेच लाल व्हायचे."

"आत्या, मला सांग ना, तुझ्या लग्नात भांडण का झालं होतं?"

"शंभरदा ऐकलंयस."

"पुन्हा सांग. डावा पाय मात्र अजिबात हलवू नकोस."

आत्याने तिच्याकडे एकटक पाहिलं. तिला सगळं समजलं. मग ती सांगू लागली, सासूच्या नाकातल्या आवाजात, नवऱ्याच्या तोतऱ्या बोलीत. मांड्यांना गोळे आले तेव्हा ती मध्येच "आई गं" म्हणाली आणि जराशी कलली. इन्साफने डोळे मिटले. काही झालं नाही. "बोल," ती म्हणाली, "सासू काय म्हणाली मग?"

सैन्याची माणसं आली. एकजण पोटावर सरपटत, सळईने माती टोचत, मागे पांढरी पट्टी टाकत आत्यापर्यंत पोचला. "हाज्जे आजी, माझ्या खांद्यावर हात. आता उजवा पाय पट्टीवर. डावा सरळ वर उचला, मागे नाही." म्हातारी बाहेर आली तेव्हा अक्कूबाची पिशवी तिच्या काखेत तशीच होती.

"दगड कोणी हलवला?" अधिकाऱ्याने विचारलं.

"बकऱ्यांनी," आत्या म्हणाली.

"मी हलवला," इन्साफ म्हणाली. "फोटोसाठी."

अधिकारी जे बोलला ते तिने मान खाली घालून ऐकलं. तो दगडाकडे वळला, तशी आत्याने पिशवीतली अक्कूबाची काटेरी जुडी काढून इन्साफच्या दंडावर सपकन मारली. दुसऱ्यांदा मारायला हात उचलला, पण तोल गेला. इन्साफने तिला धरलं. उतरताना भाचीची बाही आत्याने मुठीत घट्ट पकडली होती, आणि पाऊल टाकण्याआधी दरवेळी ती थांबून जमिनीकडे बघत होती. गावातल्या डांबरी रस्त्यावर आल्यावरसुद्धा.