वर्षा सिस्टरच्या रजेचा अहवाल

“सासू म्हातारी झाली म्हणून सहा महिने रजा?” गावंडे साहेबांनी अर्ज टेबलावर आपटला. “मॅडम, माझी आई नव्वदीची आहे. मी घेतो का रजा?”

“तुमच्या आईकडे कोण पाहते?”

“बायको आहे ना घरी.”

आपण काय बोललो हे साहेबांच्या ध्यानात आलं नाही. मीही ते धरून ठेवलं नाही, मला राउंडला उशीर होत होता.

अकोल्यातल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात मी मॅट्रन होते, म्हणजे सगळ्या नर्सेसची प्रमुख. गावंडे साहेब प्रशासक. अर्ज होता वर्षा इंगोलेचा. ती आमच्या एनआयसीयूची इन्चार्ज. एनआयसीयू म्हणजे दिवस भरायच्या आत जन्मलेल्या, जेमतेम किलोभराच्या बाळांचा वॉर्ड. अशा बाळाची शीर शिवणाच्या दोऱ्याएवढी असते. सलाईनसाठी ती सापडेना की डॉक्टरसुद्धा वर्षाला हाक मारत. असा हात तयार व्हायला वर्षं जातात, आणि सगळ्यांचा होतही नाही.

ती बडनेऱ्याहून रोज रेल्वेनं यायची. नवरा मालगाडीवर गार्ड. ड्युटीवर गेला की दोन-दोन दिवस घरी नाही. घरात सासूबाई, जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झालेल्या. अर्जात वर्षानं लिहिलं होतं, ‘सासूबाईंना डिमेन्शिया आहे. एकटं सोडता येत नाही.’

लांबच्या रजेआधी घरी जाऊन तपासणी करायची, असा आमच्याकडे नियम होता. पूर्वी एका सिस्टरनं आईच्या आजारपणाची रजा काढून नागपुरात दुसरी नोकरी धरली होती, तेव्हापासूनचा. साहेब म्हणाले, “तुम्हीच जाऊन पाहून या.” मी दुपारच्या गाडीनं बडनेऱ्याला गेले.

दार सासूबाईंनीच उघडलं. इस्त्रीची सुती साडी, चापूनचोपून बसवलेले केस.

“या जी, या! तुमचं माहेर कोणतं?”

“नांदगाव खंडेश्वर.”

“अवो, मंग तर आपल्याच झाल्या! त्या गावात माह्या वर्गातल्या किती पोरी देल्या म्हणून सांगू!” आणि टाळी वाजवून हसल्या.

मग लेकरं किती, काय करतात, जावई कुठचे, पगार किती पडते, सगळं झालं. चहा झाला. हळदकुंकू लावून त्यांनी मला ब्लाऊजपीस दिला. मध्ये पुन्हा एकदा माहेर विचारलं. आपल्याकडे बायका विचारतातच, मला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट मी खूश. इतक्या अगत्यानं मला माझ्या घरीही कोणी विचारत नाही.

वर्षा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मी निघताना ती हळूच म्हणाली, “मॅडम, अजून थोड्या थांबता काय?”

“माझी गाडी आहे वर्षा.”

अकोल्याला येईस्तोवर मी मनातल्या मनात अहवाल लिहूनही टाकला होता. ‘सासूबाई हिंडत्या-फिरत्या. बोलणं सुसंगत. रजेची निकड दिसली नाही.’ दुसऱ्या दिवशी तो कागदावर उतरवून खाली ठसठशीत सही केली. साहेबांनी रजा नाकारली. वर्षा पुन्हा ड्युटीवर हजर झाली. मला वाटलं, चोरी पकडली गेली म्हणून निमूट आली.

तीनेक आठवड्यांनी ती कामावर आली नाही. फोन बंद. दुसऱ्या दिवशीही नाही, तिसऱ्याही नाही. त्या तिसऱ्या दिवशी वॉर्डात नऊशे ग्रॅमचं बाळ होतं आणि दोन सिस्टर आळीपाळीनं त्याच्या हातापायाला टोचून हैराण झाल्या होत्या. बाळाची आई काचेबाहेरून पाहत होती. माझं डोकं फिरलं. गैरहजेरीचा मेमो टाइप करून घेतला, पर्समध्ये टाकला आणि तडक बडनेरा गाठलं.

दार सासूबाईंनीच उघडलं.

“या जी, या! तुमचं माहेर कोणतं?”

मी म्हटलं, “नांदगाव खंडेश्वर.”

“अवो, मंग तर आपल्याच झाल्या! त्या गावात माह्या वर्गातल्या किती पोरी देल्या म्हणून सांगू!”

तीच टाळी. तेच हसू. मग लेकरं, जावई, पगार, त्याच क्रमानं. मागच्या वेळी मी त्यांची तपासणी करायला आले होते आणि तासभर उत्तरं मीच देत बसले होते! मी त्यांना एकही प्रश्न विचारला नव्हता. आज वार कोणता, सकाळी काय जेवलात, एवढंसुद्धा नाही. तीस वर्षं पेशंट पाहणारी बाई मी, आणि एका चहात गुंडाळली गेले.

डिमेन्शिया म्हणजे नुसता विसरभोळेपणा नव्हे. त्यात आजचं आज राहत नाही. पण जन्मभराची वळणं, म्हणजे पाहुण्याला बसवणं, गावं विचारणं, हळदकुंकू, ही बरेच दिवस टिकतात. त्यामुळे घडी-दोन घडी आलेल्याला माणूस ठणठणीत दिसतो. हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. पुस्तक मी अकोल्यात ठेवून आले होते, बहुतेक.

या वेळी मी परतीची गाडी जाऊ दिली. चहा झाला, हळदकुंकू झालं, तरी बसून राहिले. अर्ध्या-पाऊण तासानं सासूबाई अस्वस्थ झाल्या. पदर मुठीत धरून मला निरखू लागल्या.

“हे बाई कोण व्हय? इले काहून बसोलं घरात?” त्या वर्षावर ओरडल्या. “माही पाटली कुठी गेली? तुनंच नेली! चोट्टी!”

“देते बाई, आता देते,” वर्षा म्हणाली. तिच्या दोन्ही हातांवर नखांचे ओरखडे होते. ड्युटीवर येता-जाता ती पूर्ण बाह्यांचं स्वेटर घालायची, मी थंडी समजत होते.

सासूबाई कशाबशा निजल्यावर तिनं सांगितलं. सांभाळायला ठेवलेली शेजारीण चोरीचा आळ आल्यावर निघून गेली. तीन दिवसांपूर्वी सासूबाईंनी गॅस सुरू करून ठेवला, पेटवला नाही. “फोन त्याईनं पाण्याच्या गुंडात टाकला मॅडम. तुमाले कसं कळवू?”

“पहिल्याच दिवशी मला ठणकावून सांगायचं ना!”

“तुमी त्याईच्याकडे पाहून इतक्या हसून राहिल्या होत्या. माह्यावर कोण विश्वास ठेवते?”

मेमो मी परतीच्या गाडीत फाडला आणि दुसऱ्या दिवशी नवा अहवाल दिला.

“तुम्हीच लिहिलं, आता तुम्हीच खोडता?” गावंडे साहेब म्हणाले. “ट्रस्टच्या कमिटीला काय सांगू?”

“मॅट्रन गाढव आहे म्हणून सांगा.”

तसं सांगून चालणार नव्हतं. स्पेशालिस्टचा दाखला हवा होता. वर्षा सासूबाईंना अमरावतीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली, मीही गेले. तिथंही सासूबाईंनी डॉक्टरांना गाव विचारलंच. डॉक्टर हुशार होते. हसले, आणि कागद पुढे करून म्हणाले, “बाई, घड्याळ काढून दाखवा.” सासूबाईंनी सुरेख गोल काढला आणि बाराही आकडे एकाच बाजूला दाटीवाटीनं भरले. मग त्या कागदाकडे पाहत राहिल्या. काहीतरी चुकलं हे त्यांना कळत होतं, काय ते कळत नव्हतं. मास्तरीणबाईंचा तो चेहरा मला पाहवला नाही.

दाखला मिळाला. कमिटी बसली. एका मेंबरनं विचारलं, “सहा महिने कशाला? तीन महिन्यांत बऱ्या होतील की!”

“सर, हा टायफॉईड नाही. यातून माणूस बरं होत नाही.”

“मग सहा महिन्यांनी तरी काय होणार?”

माणूस ठेवावा तर टिकत नाही, ठेवायला संस्था जवळपास नाही, आणि सुनेनं काय करायचं ते कोणीच सांगत नाही. बिनपगारी तीन महिने मंजूर झाले. ते संपले त्या दिवशी वर्षा राजीनामा घेऊन आली.

फॉर्ममध्ये ‘कारण’ असा रकाना असतो. मी म्हटलं, “इथं डिमेन्शिया लिही. स्पष्ट लिही. कळू दे वरच्यांना.”

“नाई मॅडम. नणंदेच्या पोरीची सोयरीक जमून राहिली. घराण्यात वेड हाय म्हणतीन लोक.”

“अगं, हे वेड नाही!”

“हे तुमाले मालूम, मले मालूम. पाव्हण्याईले कोण समजावते?”

तिनं लिहिलं, ‘घरगुती कारण’. ते खोडायला मी रागारागानं पेन उचललं, तिच्याकडे पाहिलं, आणि खाली सही केली.

तिच्या जागी दोन मुली घेतल्या. हात बसायला वेळ लागणारच होता. तोवर फार कमी वजनाची बाळं आम्ही ॲम्ब्युलन्सनं नागपूरला पाठवत होतो, पाठोपाठ त्यांचे आईबाप हातातलं काम टाकून जात होते. राजीनाम्यांची जुनी फाइल मी एकदा काढून वाचली. ‘घरगुती कारण’, ‘घरगुती कारण’, पानोपानी. यातल्या कितीजणींना मी कामचुकार म्हटलं होतं, ते आठवत बसले.

यातून शिकले ते एवढंच, की कोणाच्या घरची तपासणी करायची तर परतीची गाडी ठरवून जाऊ नये. बाकी या आजारापायी देशाचं किती नुकसान होतं, ते मला विचारू नका. आमच्या कागदांवर ते कुठंच सापडायचं नाही. त्या कागदांवर सही माझीच आहे.