ठेवणीतली हवा

सर्जेराव वाघमोडे हे नाव ऐकलं की समोरचा माणूस आधी मिशी शोधायचा. ती सापडली नाही की त्याची नजर हळूहळू पोटापर्यंत उतरायची. सर्जेरावांना याची सवय झाली होती. "नाव आजोबांनी ठेवलं, बाकीचं सगळं मी स्वतः कमावलं," असं ते पोटावर हात फिरवत आधीच सांगून टाकत. दुसऱ्यानं हसायच्या आत आपणच आपल्याला हसून घ्यावं, म्हणजे लागत नाही, असा त्यांचा अनुभव होता. माणूस मूळचा सांगलीकडचा. विम्याच्या कचेरीत अधिकारी. बदल्यांच्या फेऱ्यात जयपूरला येऊन पडला आणि जवाहर नगरात भाड्याचं घर घेऊन बायकोसह राहू लागला.

नेमबाजीत ते पडले तेही नावामुळेच. राठौड नावाचे एक निवृत्त सुभेदार-मेजर पॉलिसीच्या कामासाठी कचेरीत आले होते. टेबलावरची पाटी वाचून त्यांनी सर्जेरावांना वर्दीतल्या माणसासारखं न्याहाळलं आणि म्हणाले, "आप तो निशानेबाज़ होंगे." नाही म्हणायला सर्जेरावांची जीभ रेटली नाही. पुढच्या रविवारी ते राठौडांच्या क्लबात उभे होते. क्लब कसला, मालवीय नगरच्या पलीकडे पत्र्याची एक लांबलचक शेड, एका टोकाला पुठ्ठ्याची लक्ष्यं आणि दुसऱ्या टोकाला चार हवाई बंदुका.

त्या बंदुका स्प्रिंगच्या. नळी मोडून खाली दाबायची की आतली स्प्रिंग आवळली जाते. घोडा ओढला की ती सुटते, पुढची हवा रेटते आणि छर्रा बाहेर पडतो. मात्र छर्रा नळीतून निघायच्या आतच बंदूक आधी मागे आणि मग पुढे असा हिसका देते. तिला आवळून धरली तर नेम गेलाच. न्हाऊ घालताना तान्ह्या पोराला धरतात तशी सैल, तरी सुटणार नाही अशी धरावी लागते, आणि दर वेळी अगदी तशीच. सर्जेराव पाच-सहा वर्षं हे करत आले. कधी छर्रा काळ्या गोलात जाई, कधी शेजारच्याच्या पुठ्ठ्यात. शेजारच्याचे गुण त्यामुळे वाढले की सर्जेराव त्याचं अभिनंदन करत.

मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात त्यांचा कार्यक्रम ठरलेला असे. 'माझे हुकलेले नेम' या विषयावर ते अर्धा तास बोलत आणि बँकेतली, रेल्वेतली, कचेऱ्यांतली सगळी बदलीवाली मंडळी डोळे पुसेपर्यंत हसत. "वो बंदूक लाथ मारती है," हे त्यांचं वाक्य पोरांनासुद्धा पाठ होतं. नेम लागलेल्या दिवसांबद्दल ते कधी बोलत नसत. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं.

सत्त्याऐंशी साली राठौडांच्या जावयानं इंग्लंडहून एक नवी बंदूक आणली. हिला स्प्रिंग नव्हती. नळीखाली एक टाकी होती, तीत आधीच दाबून हवा भरून ठेवायची. मग घोडा ओढला की फक्त फुस्स. लाथ नाही, हिसका नाही, खांद्याला पत्तासुद्धा नाही. हवा भरायला सोबत पाणबुडे पाठीवर बांधतात तसलं एक लोखंडी नळकांडं आलं होतं. ज्या गावात पाणी बघायला रामगढच्या तलावावर सहल काढतात, त्या गावात ते नळकांडं भरणार कोण? शेवटी राठौडांच्या पुतण्याचा मकराण्याचा संगमरवर मुंबईला नेणारा ट्रक होता, त्यातून ते पेंढ्यात गुंडाळून गेलं आणि तिथल्या पाणबुड्यांकडून भरून परत आलं.

राठौडांनी बंदूक आणि नळकांडं दोन्ही सर्जेरावांपुढे ठेवलं. राजस्थानच्या संघाची निवड जवळ आली होती. राठौडांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, त्यामुळे त्यांना स्वतःला ती चालवणं शक्य नव्हतं.

"सिलेक्शन में स्प्रिंगवाली चलाइए या ये. मर्ज़ी आपकी," ते म्हणाले. मग जरा थांबून, "हाथ अच्छा है आपका, वाघमोडेजी. उस खटारा से जो आदमी गोल में मारता है, वो इससे क्या नहीं मारेगा."

सर्जेरावांना आजवर असं कुणी म्हटलं नव्हतं. ते स्कूटरवरून घरी आले ते दोन चौक चुकून.

आता खरी पंचाईत सुरू झाली. उन्हाळ्यात बदली नक्की होती, पन्नाशी उलटली होती, म्हणजे संघात जायची ही पहिली आणि शेवटचीच संधी. आठवडाभर ते जेवताना, आंघोळीला जाताना, फाइलवर सही करताना एकच हिशेब मांडत राहिले. स्प्रिंगची बंदूक ओळखीची. तिच्या खोडी माहीत. शिवाय नेम हुकला तर दोष तिच्यावर ढकलता येत होता. नवी बंदूक सरळ स्वभावाची. ती हुकली तर हुकलं कोण, हे सगळ्या शेडला कळणार.

"सोबत एवढं नळकांडं सांभाळायचं म्हणजे जोखीमच," ते बायकोला म्हणाले.

शालनताई शेंगा फोडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "नाचता येईना अंगण वाकडं, असं इतकी वर्षं चाललं होतं तुमचं. आता अंगण सरळ मिळालंय तर पाय का लटपटतात हो?"

"लटपटत नाहीत. विचार करतोय."

"करा. तोवर निवड होऊन जाईल. मग भाषणाला विषय मिळेल."

हे वर्मी लागलं. सर्जेरावांनी नवी बंदूक निवडली.

निवडली खरी, पण वापरायला हात धजेना. चांगली वस्तू ठेवणीत ठेवायची ही त्यांच्या घराची रीत होती. वाघमोड्यांच्या घरात नवं पातळ घडी मोडायच्या मुहूर्तासाठी वर्षभर थांबे आणि पाहुण्यांचे कप पाहुणे गेल्यावर पुसून पुन्हा कपाटात जात. आता ही तर मुंबईहून आलेली हवा. सर्जेरावांनी बंदुकीत ती एकदाच भरली, शालनताईंच्या जुन्या गोधडीत नळकांडं गुंडाळून पलंगाखाली सरकवलं आणि सराव बहुतेक स्प्रिंगच्याच बंदुकीनं केला. नव्या बंदुकीनं अधूनमधून थोडे छर्रे मारत. ते सगळे एकमेकांना खेटून बसत. ते बघितलं की सर्जेराव घाईघाईनं बंदूक पिशवीत घालत, जणू दुसऱ्याचं काही उचललंय.

"टंकी उतरी तो छर्रा नीचे गिरने लगता है," राठौडांनी बजावलं होतं. "भरते रहना."

"भरता है ना," सर्जेराव म्हणत.

निवडीच्या दिवशी नळकांडं गोधडीसकट स्कूटरवर पायांपाशी ठेवून ते शेडवर पोचले. रस्त्यात सिग्नलला एकानं विचारलं, "भैया, बच्चा है क्या?" सर्जेरावांनी हो म्हटलं.

पहिल्या फेरीत त्यांनी जे केलं ते शेडमधल्या कुणी त्यांच्याकडून अपेक्षिलं नव्हतं, आणि त्यांनी स्वतः तर मुळीच नाही. छर्रा सुटायचा, फुस्स आवाज व्हायचा आणि काळ्या गोलाच्या मधोमध उजेड दिसायचा. पुन्हा तिथेच. पुन्हा तिथेच. फेरी संपली तेव्हा ते पहिले होते. शेजारचा नेमबाज, ज्याला इतकी वर्षं फुकटचे गुण मिळाले होते, तो आदरानं थोडा बाजूला सरकून उभा राहिला.

मधल्या सुट्टीत सर्जेरावांनी गोधडी सोडली, हवा भरायची रबरी नळी काढली, आणि नळकांड्याच्या काट्याकडे बघत बसले. काटा जवळजवळ भरल्याच्या खुणेवर होता. आत्ता टाकी भरली तर तो खाली येईल. आज नुसती निवड. पुढे राज्याराज्यांची खरी स्पर्धा, तीही परगावी. तिथे हवा कमी पडली तर पुन्हा ट्रक, पुन्हा मुंबई. बंदुकीत अजून आहे की थोडी. इथल्यापुरती पुरेल. त्यांनी नळी गुंडाळली आणि गोधडीची गाठ नीट मारली.

दुसऱ्या फेरीत छर्रे खाली यायला लागले. आधी काळ्या गोलाच्या खालच्या कडेला, मग कडेच्या बाहेर. सर्जेरावांना कारण लगेच कळलं. नेम थोडा वर धरावा हेही सुचलं, पण किती वर हे ठाऊक नव्हतं, कारण इतकी उतरलेली टाकी त्यांनी कधी चालवलीच नव्हती. शेवटचा छर्रा पांढऱ्यात गेला. यादीत त्यांचं नाव संघाच्या लगेच खाली होतं.

लोक सांत्वनाला आले तेव्हा ते नेहमीसारखे बोलले. "एवढ्या लांबून आलेली हवा, छर्र्यांनाही तिला वाकून नमस्कार करायची सवय लागली होती," वगैरे. लोक हसले. राठौड हसले नाहीत. त्यांनी गोधडी चाचपली, काट्याजवळ डोळे नेऊन तो वाचला आणि ते निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कचेरीत आजारी असल्याचं कळवून सर्जेराव शेडवर गेले. शेडमध्ये राठौड एकटेच खुर्ची टाकून बसले होते. सर्जेरावांनी टाकी काठोकाठ भरली आणि मारत सुटले. टाकी उतरली की भरायची, की पुन्हा मारायचं. नळकांड्याचा काटा खाली खाली येत गेला, त्यांनी बघितलंसुद्धा नाही. हवा संपली तेव्हा त्यांनी शेवटचा पुठ्ठा आणून राठौडांच्या हातात दिला.

राठौडांना गुण दिसत नव्हते. त्यांनी पुठ्ठ्यावरून अंगठा फिरवला. मधोमध एकच भोक होतं, अंगठ्याचं टोक जाईल एवढं.

"कल हवा थी," ते म्हणाले. "किसके लिए रखी थी?"

सर्जेरावांनी सवयीनं विनोद शोधला. एकही सापडेना. त्यांचं मोडकं हिंदी अशा वेळी आणखीच मोडायचं.

"साब," ते म्हणाले, "इतनी अच्छी चीज़ मेरे लिए है, ये मेरे को पटाच नहीं."