कॅसेटला राख लागत नाही

बाळकूमच्या कोळीवाड्यातल्या गोमाजीला देवाने एकच गळा दिला होता, पण त्यात माणसं दहा-बारा राहायची. तलाठी राहायचे, "हं… कागद आणा आधी, कागद" असं नाकातून बोलणारे. मासळीवाली गंगुबाई राहायची, "घे गो बाय, जिती हाय, डोले बघ तिचं!" म्हणून आख्खं मार्केट उठवणारी. खुद्द गंगुबाईने एकदा ते ऐकलं आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मेल्या, मी अशी बोलतंय? मी याच्यापेक्षा मोठ्यानं बोलतंय!"

गाणाऱ्यांत त्याची गणती होत नसे. सूर बेताचाच. पण ढोलकीवर थाप पडली की त्याचे शब्द जाळ्यातून बोईट माशांनी उड्या माराव्या तसे सटासट सुटायचे. गाणं कमी, बोलणं जास्त, आणि त्या बोलण्यात आख्खी गोष्ट. ऐकणारा हलायचा नाही.

त्याचा खरा दिवस होळीचा. त्यांच्या आळीत रीत होती. होळीपुढे कुणाचंही नाव घेऊन काहीही गावं. ज्याचं नाव आलं त्याने सकाळी यायचं, थंड झालेल्या होळीतली चिमूटभर राख गाणाऱ्याच्या कपाळाला लावायची. राख लागली की विषय मिटला. मग वर्षभर त्या गाण्याचा शब्द तोंडातून काढायचा नाही.

या रीतीच्या आडोशाला गोमाजी आठ वर्षं उभा होता.

सन चौऱ्याऐंशीची गोष्ट. खाडीच्या आतल्या अंगाला त्यांची होडी बारा महिने चालायची, पण नागला बंदराच्या पुढे, पाणी रुंदावतं तिथे, नारळी पुनवेला नारळ सोडल्याशिवाय कुणी जात नसे. पुनवेला चार दिवस होते. कोळंबी वर आलीय अशी खबर होती. पहाटे गोमाजी आपल्या जोडीदाराच्या, दौलतच्या, दारात उभा राहिला. दौलत म्हणाला, "नारळ नाय पडला अजून." गोमाजीने दौलतचाच आवाज काढला, रडका, बारीक: "नारळ नाय परला, आये, मना भ्या वाटतंय!" दौलत हसला. हसत हसतच होडीत चढला. दुपारी वारा फिरला, होडी उलटली. गोमाजीच्या हाताला तरंगता बांबू लागला. दौलतचा पाय जाळ्यात अडकला होता; तो वर आला नाही.

पुढच्या होळीला सगळे म्हणाले, "गोम्या, दौल्याचं गाणं कर." त्याने केलं. दौलतची चाल, दौलतची शीळ, दौलतचं ते खांदा उडवून हसणं, सगळं आलं. पण गोष्टीत एक जागा अशी आली, की तिथे कुणीतरी दौलतला घराबाहेर काढायला हवं होतं. गोमाजीच्या जिभेवर स्वतःचं नाव आलं. तो थांबला. ढोलकी थांबेना. आणि तोंडातून भलतंच निघालं:

*मालन रुसली नथीपायी,*
*दौलत नारळाआधी जाई.*

मालन म्हणजे दौलतची बायको. पुढे त्याने मालनचा आवाज काढला, लाडीगोडीचा: "आणा की वो नथ, आणा की वो नथ!" लोक डोळे पुसता पुसता हसले. इतकं चांगलं गाणं त्याला पुन्हा कधी झालं नाही. सकाळी मालन आली. पांढऱ्या कपाळाची, कडेवर तीन वर्षांची शीला. वाकून राख उचलली, त्याच्या कपाळाला लावली आणि निघून गेली. दर होळीला फर्माईश व्हायची, दुसऱ्या सकाळी ती यायची. आठ वेळा.

ब्याण्णव साली टेंभी नाक्याजवळच्या कॅसेटवाल्या सीतारामशेठच्या कानावर हे गाणं गेलं. तो स्कूटर घेऊन थेट वाड्यात. "गोमाजीबुवा, कसम से सांगतो, हा आयटम ए साइडला पहिला! ते 'आणा की वो नथ' आहे ना, ते रिक्षा-रिक्षात वाजेल. कल्याण, डोंबिवली, भिवंडी, सगळीकडे हळदीला हेच. नाव पण तेच ठेवू. नथ!"

गोमाजीचे पाय चार दिवस जमिनीवर नव्हते. पाचव्या दिवशी तो जाळं विणत बसला होता, तिथे मालन आली. बसली नाही.

"गोमा, नथीचं गाणं कॅशेटमधी चाललंय म्हणं."

"वैनी, लोकांना आवडतंय…"

"होळीला गायलास, राख लावली. आता कॅशेटला राख कुठं लावू?"

त्याची जाळ्याची सुई थांबली.

"शीला दहा वर्सांची हाय. उद्या तिला बघाया येतील. दिवा गावचे, मोठागावचे. रिक्षात बसून येतील नि रिक्षात हेच वाजंल. नथीपायी जिनं नवरा घालवला, तिची पोर. मी नथ कवां मागितली, गोमा?"

त्याने सुईत नवं सूत भरायला घेतलं.

"दारात तू काय बोल्लास ते मी चुलीपाशी ऐकलंय. माझ्या नवऱ्याचा आवाज काढलास. तो हसत होडीत जेला. तवापासून मी गप हाय. म्हटलं, याला पण जगायचंय. राखेत जातंय ना, जाऊ दे. पण ह्ये राखेत जायाचं नाय."

ती गेली. गोमाजीने जाळं गुंडाळून ठेवलं. गाणं द्यायचं नाही म्हटलं तर कारण सांगावं लागणार. नथीऐवजी काय घालायचं तेही त्याला ठाऊक होतं. आठ वर्षं तो शब्द जिभेमागे बसून होता. त्याने रात्रंदिवस दुसरी कारणं शोधून पाहिली: कोळंबी, गरिबी, नशीब. ठेक्यात सगळी बसत होती. खरी एकच होती.

रेकॉर्डिंग डोंबिवलीत, एका चाळीच्या खोलीत. भिंतींना गोधड्या टांगलेल्या, मध्ये माइक. ढोलकीवाला, बॅन्जोवाला आणि काचेपलीकडे सीतारामशेठ. ठेका धरला. दौलतची शीळ झाली, चाल झाली, हसणं झालं. ती जागा आली. गोमाजीने दुसऱ्या कुणाचा आवाज काढला नाही. त्याचा स्वतःचा आवाज त्यालाच अनोळखी वाटला, जाडा, जरा फाटका:

*गोमा बोलला, भितोस काय?*
*नारळाआधी टाक रं पाय.*
*दौलत हसला, होडीत आला,*
*हसवणारा माघारी आला.*

बॅन्जोवाल्याचा हात अडखळला. सीतारामशेठ दार उघडून आत आला. "अरे बुवा, हे काय? नथ कुठे गेली?"

"नथ नव्हतीच."

"पण लोक नथीसाठीच घेणार ना कॅसेट! यात हसायचं कुठे?"

"हसायचं नाय."

"मग मी वाजवू काय, तुझं पाप?"

"तेच वाजवा," गोमाजी म्हणाला. "नायतर मना घरी जाऊ द्या."

शेठने कपाळाला हात लावला, पण खोली दिवसभराची घेतली होती. ए साइडला तलाठ्याच्या, गंगुबाईच्या नकला भरल्या, हे गाणं बी साइडला, सगळ्यात शेवटी टाकलं. कॅसेट फारशी चालली नाही. वाड्यात मात्र घरोघरी वाजली, आणि पुढे बरेच दिवस गोमाजी मार्केटात आला की बोलणी थांबायची. गंगुबाईसुद्धा त्याला कापलेली मासळी न बोलता द्यायची. दौलतच्या म्हाताऱ्या आईने तर त्याच्याकडे पाठ फिरवली ती मरेपर्यंत.

पुढच्या होळीला त्याला कुणी गायला सांगितलं नाही. तरी सकाळी तो राखेपाशी जाऊन उभा राहिला. आठ वर्षांची सवय. मालन आली. राखेकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं. वाकली नाही.

"राख खोट्याला लावतात," ती म्हणाली आणि घागर घेऊन विहिरीकडे गेली.

त्या वर्षी त्याचं कपाळ कोरं राहिलं, आणि त्यापुढे दर वर्षी.

दोन हजार एक साली शीलाचं लग्न ठरलं, मोठागावात. मालन स्वतः त्याच्या दारात आली. त्या होळीपासून आठ वर्षं त्याच्याशी न बोललेली ती, आता मोजून तीन वाक्यं बोलली. "वैशाखात हळद हाय. पाणी भराया ये. गाऊ नको."

तो गेला. पहाटेपासून पिंपं भरली. मांडवात ढोलकी घुमायला लागली तेव्हा मोठागावच्या पोरांनी त्याला ओळखलं. "ओ काका, तुम्ही ते कॅसेटवाले ना? तो तलाठ्याचा आवाज काढा की!"

गोमाजीने मांडवाच्या खांबाशी बसलेल्या मालनकडे पाहिलं. मग हंडा खांद्यावर घेतला.

"तो माणूस दुसरा," तो म्हणाला, आणि पाण्याला गेला.