पोटात गोळा

रेल्वेच्या ड्रायव्हरशी लग्न झालं तेव्हा सासूने तारामतीला एकच गोष्ट बजावली होती : ड्युटीवर निघालेल्या माणसाच्या डोक्याला ताप द्यायचा नाही. रडगाणं नाही, भांडण नाही, वाईट बातमी तर नाहीच. पुढे परभणीहून जयपूरला आल्यावर मोठ्या साहेबांनीही ड्रायव्हरांच्या बायकांना बोलावून हेच ऐकवलं, वर चहा-समोसा दिला. आता मालगाडीच्या ड्रायव्हरला ड्युटी कधी लागेल याचा काही नेम नसतो. लॉबीतून, म्हणजे ड्युट्या लावणाऱ्या ऑफिसातून, फोन येतो आणि दोन तासांत हजर व्हावं लागतं. थोडक्यात, तिचा नवरा नागनाथ घरी असायचा तेव्हा तो कायम ड्युटीच्या आधीचाच असायचा. मग बाईने भांडायचं कधी आणि रडायचं कधी? हे ना सासूने सांगितलं, ना साहेबांनी. तारामतीनेही बावीस वर्षांत कधी विचारलं नाही.

पोट दुखायला लागलं त्याला सहा वर्षं झाली होती. बेंबीच्या वर, कोणी आतून मूठ आवळल्यासारखं. खातीपुऱ्याच्या क्वार्टरमध्ये ओवा झाला, हिंग झाला, शेजारणीचं चूर्ण झालं. शेवटी लेकीने, प्रज्ञाने, तिला ओढतच जवाहर नगरातल्या एका डॉक्टरबाईंकडे नेलं. प्रज्ञा एकोणीस वर्षांची, जगतपुऱ्याच्या कॉलेजात इंजिनिअरिंगला. जन्म इथलाच. मराठी सगळी समजायची, पण जिभेवर हिंदीच जास्त बसलेली.

"दर्द से पहले कैसा लगता है?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

तारामतीला हिंदी यायची, पण ती भाजीवाल्याशी घासाघीस करण्यापुरती. स्वतःच्या पोटाबद्दल बोलायला परभणीचीच भाषा लागायची. ती लेकीकडे वळली. "सांग त्यांना, आधी पोटात गोळा येतो अन् मंग दुखायलंय."

"पहले पेट में गोला बनता है," प्रज्ञा म्हणाली.

झाला घोळ. डॉक्टरबाईंचा चेहरा बदलला. त्यांनी पोट चार ठिकाणी दाबून पाहिलं आणि घरात कोणाला गाठ होती का ते विचारलं. "नानी को थी. पेट का कैंसर," प्रज्ञाने सांगितलं. मग सोनोग्राफी, दुर्बीण, रक्त, सगळं लिहून झालं. डॉक्टरबाईंना वाटलं, गोळा हिच्या हाताला लागलाय. हिला वाटलं, तो डॉक्टरबाईंच्या हाताला लागला. आणि विचारायचं कोणी कोणाला?

पुढचे आठ दिवस तारामतीने भीतीतच काढले. आईचं शेवटचं रूप तिच्या डोळ्यांपुढून हलेना : हातांच्या काड्या आणि पोट तेवढं टम्म. अंघोळ करताना ती सगळ्या अंगाला साबण लावायची, पोट सोडून. हात लावला आणि खरंच काही लागलं तर? स्वयंपाक करता करता तिने प्रज्ञाला जवळ बोलावलं. "पप्पांच्या डब्यात ठेचा येगळ्या डबीत ठेवायचा बरं का. इंजिन हलतंय, सांडतो."

"मला कशाला सांगतेस?" प्रज्ञाचा आवाज कापला.

"सहज."

नागनाथला मात्र एका शब्दाने कळू दिलं नाही. तो यायचा, जेवायचा, झोपायचा, जायचा. एकदा त्याने विचारलं, "जेवत का नाहीस?" "पोट जड हाय," ती म्हणाली. "सोडा घे," म्हणून तो बूट घालून निघाला. बिचाऱ्याचा तरी काय दोष? घरात कधी काही वाईट घडतच नाही, अशी त्याची समजूत बायकोनेच करून दिली होती.

रिपोर्ट आले, अगदी साफ.

"कोई गोला नहीं है," डॉक्टरबाई कागद उलटत म्हणाल्या. "पर ये आता कब है?"

या वेळी तारामतीच बोलली. "फोन बजता है तब. ये गाडी पे हैं और फोन बजा, तो आता है."

"मतलब?" प्रज्ञा चक्रावली.

"मतलब काय? माणसाला भ्या वाटलं की पोटात गोळा येत न्हाई का?"

प्रज्ञाने कपाळावर हात मारला आणि डॉक्टरबाईंना सगळं उलगडून सांगितलं. त्या आधी हसल्या, मग हसायच्या थांबल्या. "दर्द आपका झूठा नहीं है," त्या म्हणाल्या. "पर डर दबाकर रखोगी तो शरीर दुखेगा ही. छह साल पहले क्या हुआ था?"

"कुछ नहीं," तारामती म्हणाली.

रिक्षात मात्र ती बोलली, लेकीकडे न बघता. सहा वर्षांपूर्वी अशाच एका सकाळी भावाचा फोन आला : आई गेली. आत नागनाथ झोपलेला, दोनची ड्युटी. तिने तोंडात पदर कोंबला, कुकर चढवला, डबा भरला. "निघताना म्हणले, डोळे लाल का? म्हणलं, कांदा चिरला." तो दोन दिवसांनी परतला तोवर तिकडे सगळं उरकलं होतं. मग सांगितलं. तो हळहळला, जेवला आणि झोपला. दुसऱ्या दिवशी पुन्हा ड्युटी. "माझं रडायचं राहूनच गेलं बघ. आता फोन वाजला की वाटतं, ह्या खेपेला कोण?"

घरी आल्या तेव्हा नागनाथ आतल्या खोलीत झोपलेला होता. तारामतीने कांदा चिरायला घेतला आणि काय झालं तिचं तिलाच कळलं नाही. घशातून असा आवाज फुटला की ती स्वतःच दचकली. प्रज्ञा धावत आली. "आई, हळू! पप्पा झोपलेत!" म्हणाली आणि तिने जीभ चावली.

दारात नागनाथ उभा होता. "काय झालं?"

'काही न्हाई, तुम्ही झोपा' हे अगदी ओठांवर आलं होतं.

"माझी आई गेली हो," तारामती म्हणाली.

त्याने वर्षं मोजून दाखवली नाहीत. तो तिथेच फरशीवर तिच्या शेजारी बसला. मग तिने सगळंच सांगितलं. आईचं, आठ दिवसांच्या गोळ्याचं, फोनच्या भीतीचंही. ते संपत नाही तोच लॉबीचा फोन आला. दोन वाजता, रेवाडीची मालगाडी. तिने सुजल्या डोळ्यांनी डबा भरला. या वेळी कांद्याचं नाव घेतलं नाही.

तो गेला आणि ती फोन समोर ठेवून बसली. ऐन ड्युटीच्या आधी त्याच्या डोक्याला ताप दिला होता! बावीस वर्षं पाळलेलं एका तासात मोडलं होतं. तो आता हेच घोळवत बसला तर? एखादा लाल सिग्नल नजरेतून सुटला तर? गाडी चालवताना ड्रायव्हरचा फोन बंद असतो. म्हणजे मधेच फोन आला तर तो त्याचा नसणार, दुसऱ्याच कोणाचा तरी असणार. चार वाजले, सहा वाजले. आतली मूठ सुटता सुटेना.

दिवेलागण झाली आणि फोन वाजला.

"आला बघ गोळा," तारामती म्हणाली.

प्रज्ञाने एक तळवा आईच्या पोटावर ठेवला आणि दुसऱ्या हाताने फोन तिच्या कानाला लावला.

"पोचलो रेवाडीला," पलीकडून नागनाथ म्हणाला. "मी निघाल्यावर पुन्हा रडलीस का?"

"न्हाई. तुम्ही गाडीवर होता ना."

"मग रड आता. माझी ड्युटी संपली."